तक्त्याचा पत्ता

पेनड्राइव्ह आला तो पावाच्या पिशवीतून,
दिवाडीची फेरी, मग रायबंदर, मग आमच्या पाटोच्या कचेरीत.
आत एकच फाइल. नाव: ‘बांध नवा खरा शेवटचा’.
पुढे टिंब नाही, टिंबापुढची अक्षरं नाहीत.

नावावर मी जात नाही.
नावावर गेलेली माणसं आमच्याकडे
दिवस दिवस लग्नाचे फोटो उघडत बसली आहेत.
मी पहिले चार बाइट वाचते:
एल, ए, एस, एफ.
बरं, घराणं कळलं.
आता मोकळी की दाबलेली?
एकशे चौथ्या जागी बिंदूचा प्रकार लिहितात,
तिथे सहा हवा होता, एकशे चौतीस आहे.
वरचे एकशे अठ्ठावीस म्हणजे
कुणीतरी गादी गुंडाळून काथ्याने आवळलीय.

मथळा नीट बोलतो:
चार कोटी अकरा लाख सत्याऐंशी हजार तीनशे सहा बिंदू.
चौकट दिवाडीवरच बसते, समुद्रात नाही, सोमालियात नाही
(मागच्या खेपेला होती).
सगळ्यात खाली उणे दोन मीटर, सगळ्यात वर अडतीस.
बांधावर अडतीस मीटर काय आहे?
नंतर सापडलं, घार.
तीन बिंदूंची, पंख आणि थोडी शेपूट.

मथळ्यावर विश्वास ठेवून सही करणारे आहेत.
सर्देसाईबाब करतात, चहा थंड व्हायच्या आत.
मी गाठ सोडून बघते.

पन्नास पन्नास हजारांची एकेक पुडी.
पुडीतला पहिला बिंदू अख्खा लिहायचा,
पुढचा सांगायचा फक्त फरकाने:
इतका पूर्वेला, इतका खाली, तेवढ्याच उजेडाचा.
पुड्या कुठे सुरू होतात त्याचा तक्ता शेवटाला,
आणि तक्त्याचा पत्ता अगदी आधी.
ती जागा राखून ठेवतात,
काम संपलं की परत येऊन भरायची.

त्या जागी त्याच जागेचा पत्ता आहे.
घर कुठे विचारलं,
तर पोर उभं होतं तिथेच बोट दाखवतंय.

म्हणजे लिहिणारा परत आलाच नाही.

तक्त्याशिवाय एकेक करून सोडवल्या.
सहाशे बारा पुड्या सुटल्या,
सहाशे तेरावी हातात आली ती अर्धीच.
पडद्यावर खाजन शेत दिसलं, मेच्या ओहोटीतलं,
मिठागराच्या पांढऱ्या कडा, खारफुटी,
बांध चालत चालत येतो, एक मीटर ऐंशी, एक मीटर पंचाहत्तर,
एक मीटर चाळीस,
आणि काळं.
काळ्याच्या आत मानस होती,
नदीला आत घ्यायची की नाही ते ठरवणारं लाकडी दार.
तिच्यासाठीच तर ड्रोन उडवला होता.
घार वैध आहे. मानस नाही.

कायतानला फोन लावला.
म्हणाला, फाइल दाबत होती, नारव्यात वीज गेली,
लॅपटॉपची बॅटरी म्हातारी,
पण वजन बघ ना, चांगली भरलीय.
भरलीय रे.

मग मागून कुणीतरी फोन मागितला.
इनास, मानशीवरचा.
तीन तास पांढरी फळी धरून उन्हात उभा होता तो, दाराशी,
हलू नको म्हटल्यावर पाणीसुद्धा न पिता.
पाण्याची वही ठेवतो म्हणे, तीही अशीच:
कालच्यापेक्षा दोन बोटं वर, कालच्यापेक्षा एक खाली.
पहिलं बोट कुठल्या सालचं, ते बापाला ठाऊक होतं.

‘बाय,’ त्याने विचारलं, ‘हांव आयलों?’

मला हो म्हणता आलं असतं.
एक कोटी पाच लाख सत्याऐंशी हजार तीनशे सहा बिंदूंत
तो कुठेतरी होता, टोपीसकट.
‘ना,’ म्हटलं, ‘अजून नाही.’

फॉर्मवर दोनच चौकोन, वैध आणि अवैध.
समासात लिहिलं: अपुरी, मानशीपाशी तुटते.
आणि कायतान, ड्रोनच्या कार्डावरचं मूळ पुसू नकोस.
पुसलंस?
कायतान?